अंथरूण कोणी कापले?

राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला की राज्यकर्त्यांना एकाएकी नीतिशास्त्र आठवू लागते. एरवी ज्यांच्या तोंडी काटकसर हा शब्द कधी येत नाही, तेच गोरगरिबांना संयमाचे धडे देऊ लागतात. दवाखान्यातील औषधे कमी करा, शाळांतील शिक्षक कमी करा, सफाई कामगार कमी करा, आणि हे सारे निमूटपणे सोसा. कारण काय, तर अंथरूण पाहून पाय पसरावे! ही म्हण आपल्या आजीपणजीच्या तोंडची आहे आणि तिच्यात शहाणपण नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु म्हण सांगणाऱ्याला एक प्रश्न विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. अंथरूण आखूड आहे हे खरे. पण ते आखूड झाले कसे? ते कोणी कापले, आणि कापलेला तुकडा कोणाच्या पलंगावर पसरला आहे?

हा प्रश्न विचारल्याबद्दल शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये तीस लोकप्रतिनिधींना तुरुंगात जावे लागले. त्यांची हकीकत आपल्या घराघरांत वाचली जावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

लंडन शहराच्या पूर्वेस गोदीच्या आसऱ्याने वसलेला पॉप्लर नावाचा विभाग होता. गोदीत मजुरी मिळाली तर चूल पेटायची, न मिळाली तर नाही, अशा माणसांची ती वस्ती. १९१९ साली पॉप्लरच्या नगरपरिषदेच्या ४२ जागांपैकी ३९ जागा मजूर पक्षाने जिंकल्या. त्या वेळेपर्यंत जमीनदार, व्यापारी आणि पाद्री यांनी भूषविलेल्या खुर्च्यांवर गोदी कामगार, रेल्वे कामगार व पोस्टातील कर्मचारी येऊन बसले. जॉर्ज लान्सबरी हे तेथील पहिले मजूरपक्षीय महापौर झाले. या मंडळींनी काय केले? घरे बांधली, सार्वजनिक स्नानगृहे व वाचनालये वाढविली, बालकांच्या आरोग्याकडे लक्ष दिले आणि नगरपरिषदेच्या नोकरांना आठवड्याला किमान ४ पौंड वेतन ठरविले. विशेष म्हणजे हे वेतन पुरुषाला जितके तितकेच स्त्रीला.

आता अंथरुणाचा हिशेब पाहू. लंडनमध्ये त्या काळी अनेक नगरपरिषदा होत्या आणि प्रत्येकीने आपल्या हद्दीतील घरपट्टीतून आपल्या हद्दीतील निराधारांना पोसावे, असा कायदा होता. दिसावयास किती समतेचा कायदा! प्रत्येकाने आपापले पाहावे. परंतु श्रीमंतांच्या वेस्टमिन्स्टर विभागात घरपट्टी एका पेनीने वाढविली तर ३१,००० पौंडांहून अधिक रक्कम गोळा होई. तीच एक पेनी पॉप्लरमध्ये वाढविली तर हाती जेमतेम ३,६०० पौंड येत. जेथे बेकार नाहीत तेथे पैसा, आणि जेथे बेकारांच्या रांगा तेथे पैसा नाही. म्हणजे गरिबाने गरिबाला पोसावे आणि श्रीमंताने केवळ शेजार टाळावा, असा तो न्याय होता. त्यातच पहिल्या महायुद्धानंतरची मंदी आली आणि बेकारी भडकली. शिवाय पॉप्लरच्या घरपट्टीतून लंडन कौंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि रुग्णालये चालविणारे मंडळ या चार संस्थांचा वाटाही भरावा लागे.

मार्च १९२१ मध्ये पॉप्लरच्या नगरपरिषदेने ठरविले की, या चार संस्थांचा वाटा आम्ही वसूल करणार नाही. आमच्या माणसांना आधी अन्न, मग तुमची वर्गणी. लंडनच्या श्रीमंत विभागांनी गरीब विभागांचा बोजा वाटून घेतला पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती. लंडन कौंटी कौन्सिलने न्यायालयात धाव घेतली. २९ जुलै १९२१ रोजी हे नगरसेवक पॉप्लरपासून उच्च न्यायालयापर्यंत सुमारे पाच मैल पायी गेले. पुढे वाद्ये, मागे सुमारे दोन हजार नागरिक, आणि हाती एक फलक. त्यावरील मजकुराचा आशय असा होता की, पॉप्लरची नगरपरिषद न्यायालयाकडे चालली आहे आणि कदाचित तुरुंगाकडेही. न्यायालयाने हुकूम दिला. त्यांनी तो मानला नाही. सप्टेंबरच्या आरंभी तीस जणांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल कैद झाली. पुरुषांना ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, स्त्रियांना होलोवेच्या तुरुंगात. त्या स्त्रियांपैकी नेली क्रेसॉल या गर्भवती होत्या.

पण तुरुंगातही ही नगरपरिषद नगरपरिषदच राहिली. सभा भरविण्याचा हक्क त्यांनी मागून घेतला आणि होलोवेच्या तुरुंगातून स्त्री सभासदांना मोटारीने ब्रिक्स्टनला आणण्यात येऊ लागले. कैद्यांची अधिकृत सभा तुरुंगाच्या भिंतीआड भरत होती! शेजारच्या स्टेपनी आणि बेथनल ग्रीन येथील नगरपरिषदांनीही पॉप्लरच्याच वाटेने जाण्याचे ठराव केले, तेव्हा मात्र सरकारचे धैर्य संपले. सहा आठवड्यांनी, १२ ऑक्टोबर १९२१ रोजी, सर्वांची सुटका झाली. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून निराधारांच्या पोषणाचा मोठा बोजा साऱ्या लंडनवर वाटून टाकला. लढ्याची किंमतही द्यावी लागली. कैद भोगलेल्या मिनी लान्सबरी यांचे १ जानेवारी १९२२ रोजी न्यूमोनियाने निधन झाले. त्यांचे वय अवघे ३२ वर्षांचे होते.

जे धन नाही म्हणून सांगितले जात होते, ते धन सहा आठवड्यांत कोठून आले? इंग्लंडमध्ये नवी सोन्याची खाण सापडली नव्हती. धन होतेच, फक्त ते वेस्टमिन्स्टरमध्ये होते. काटकसरीच्या प्रत्येक प्रवचनाचे मर्म येथे उघडे पडते. 'पैसा नाही' या वाक्याचा खरा अर्थ बहुतेक वेळा 'तुमच्यासाठी पैसा नाही' असा असतो.

याच काळात एक भारतीय विद्यार्थी लंडनमध्ये अभ्यास करीत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली पुन्हा लंडनला गेले होते आणि १९२१ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम. एस्सी. पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्य सरकारच्या वित्ताचे प्रांतांकडे विकेंद्रीकरण. मध्यवर्ती सत्ता कोणता पैसा आपल्याकडे ठेवते आणि कोणती जबाबदारी खाली ढकलते, हा प्रश्न ज्या वर्षी पॉप्लरच्या रस्त्यावर लढला जात होता, त्याच वर्षी त्याच शहरात बाबासाहेब त्याच जातीच्या प्रश्नाची शास्त्रीय चिकित्सा करीत होते. ज्यांना वाटते की अंदाजपत्रक हा पंडितांचा विषय आहे आणि आपला विषय केवळ मानाचा व प्रवेशाचा आहे, त्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. हक्क कागदावर लिहिलेला असतो. त्यात प्राण येतो तो अंदाजपत्रकातील तरतुदीने.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. पहिला आक्षेप असा की, लोकप्रतिनिधींनीच कायदा मोडला तर राज्य चालायचे कसे? हा आक्षेप त्या वेळी मजूर पक्षातूनच आला होता. हॅकनेचे महापौर हर्बर्ट मॉरिसन यांना पॉप्लरची वाट पसंत नव्हती. मी स्वतः वकील आहे आणि कायद्याचा उपहास करणे माझ्या व्यवसायाला व स्वभावाला मानवणारे नाही. घटना समितीतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, घटनात्मक मार्ग खुले असताना कायदेभंगाचे मार्ग सोडून दिले पाहिजेत. ही शिकवण मी शिरोधार्य मानतो. परंतु तिच्यातील अट विसरता येत नाही. मार्ग खुला असला पाहिजे. पॉप्लरसमोर कोणता मार्ग खुला होता? त्यांच्या देशात लिखित घटना नव्हती, विषम कायदा रद्द करण्याचा अधिकार न्यायालयाला नव्हता. न्यायालय फक्त एवढेच विचारू शकत होते की, वाटा भरला की नाही? तो वाटा न्याय्य आहे की नाही, हे विचारण्याची तेथे सोयच नव्हती. त्यांनी पळ काढला नाही, हिशेब लपविले नाहीत, एक पेनी खिशात घातली नाही. हुकूम मोडला आणि शिक्षा पत्करली. आपल्यापाशी अनुच्छेद १४ आहे, अनुच्छेद ३२ व २२६ आहेत. म्हणून आपणांस तुरुंगाची नक्कल करावयाची नाही. त्यांच्या निश्चयाची करावयाची आहे.

आणि न्यायालये तरी सदैव न्यायाच्या बाजूनेच उभी होती काय? १९२५ साली रॉबर्ट्स विरुद्ध हॉपवुड या खटल्यात इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने पॉप्लरचे ४ पौंडांचे वेतन बेकायदेशीर ठरविले. हिशेब तपासनिसाने ५,००० पौंड अमान्य करून तो बोजा नगरसेवकांवर टाकला होता. न्यायाधीशांनी त्याची पाठराखण केली. स्त्रीला पुरुषाइतके वेतन देणे म्हणजे परक्याच्या पैशावर चालविलेला विक्षिप्त परोपकार होय, असाच त्या निकालाचा सूर होता. हा निकाल विधि महाविद्यालयांत आजही शिकविला जातो. तो शिकताना विद्यार्थ्यांनी एक गोष्ट मनाशी ठेवावी की, 'वाजवी' हा शब्द कोणाच्या तोंडून येतो यावर त्याचा अर्थ पुष्कळदा ठरत असतो.

पॉप्लरच्या विजयानंतर सत्ताधाऱ्यांनी धडा घेतला, पण तो न्यायाचा नव्हता, बंदोबस्ताचा होता. नगरसेवक तुरुंगात होते त्याच सुमारास नेमलेल्या सर एरिक गेडिस यांच्या समितीने १९२२ साली सुमारे ८ कोटी ७० लाख पौंडांच्या कपातीची शिफारस केली आणि शिक्षणावर व आरोग्यावर कुऱ्हाड चालली. १९२६ साली कायदा करून सरकारने निराधारांना सढळ हाताने मदत देणारी वेस्ट हॅमसारखी लोकनियुक्त मंडळे बाजूला सारली आणि तेथे आपले नेमलेले अधिकारी बसविले. १९७२ च्या कायद्याप्रमाणे घरभाडे वाढविण्यास क्ले क्रॉस या खाणकामगारांच्या गावाने नकार दिला, तेव्हा ११ नगरसेवकांवर ६,९८५ पौंडांचा वैयक्तिक बोजा लादून त्यांना अपात्र ठरविण्यात आले. १९८५ साली लिव्हरपूलच्या ४७ नगरसेवकांवर १,०६,१०३ पौंडांचा बोजा पडला आणि १९८७ साली न्यायालयाने तो कायम केला.

तुरुंगात पाठविलेला माणूस हुतात्मा होतो; दिवाळखोर केलेला माणूस केवळ दिवाळखोर दिसतो. सत्तेने हे ओळखले आणि शस्त्र बदलले. पुढे २००० च्या कायद्याने इंग्लंडमधील हा वैयक्तिक बोजाही रद्द झाला. कारण त्याहून सोपे साधन हाती आले होते. १९८८ च्या कायद्यातील ११४ व्या कलमाप्रमाणे महापालिकेचा मुख्य वित्त अधिकारी उत्पन्न व खर्च यांचा मेळ बसत नाही अशी नोटीस काढतो आणि अत्यावश्यक सेवा सोडून नवा खर्च थांबतो. आता पोलीस नको, कारागृह नको. वरून अनुदान कमी करावे आणि खालच्या माणसालाच कात्री हाती घ्यावयास लावावी!

झालेही तसेच. २०१० साली इंग्लंडमध्ये काटकसरीचे नवे पर्व सुरू झाले. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१८ च्या अहवालानुसार, २०१०-११ ते २०१७-१८ या सात वर्षांत स्थानिक संस्थांना मिळणारा केंद्रीय निधी महागाईचा हिशेब धरता ४९.१ टक्क्यांनी घटला. येथे पुन्हा पॉप्लरचेच गणित पाहा. श्रीमंत नगर स्वतःच्या करावर जगते. गरीब नगर अनुदानावर जगते. अनुदान सर्वांचे सारख्या टक्क्यांनी कापले तरी घाव सारखा बसत नाही. समान कपात हीच विषम शिक्षा ठरते. फेब्रुवारी २०१८ मध्ये नॉर्दॅम्प्टनशायर, नोव्हेंबर २०२० मध्ये क्रॉयडन, सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅम आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये नॉटिंगहॅम, अशा एकामागून एक नोटिसा निघाल्या.

बर्मिंगहॅमची कथा तर विदारक आहे. तेथे स्वयंपाक, सफाई, शुश्रूषा अशी कामे करणाऱ्या स्त्रियांना अनेक वर्षे पुरुषांच्या बरोबरीचे वेतन मिळाले नव्हते. पुरुषांच्या कामांना बोनस होता, त्यांच्या कामांना नव्हता. २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने माजी स्त्री कर्मचाऱ्यांचा दावा चालविण्याचा मार्ग मोकळा केला. २०२३ साली महापालिकेने हात वर केले तेव्हा समान वेतनाच्या थकबाकीचा अंदाज ७६ कोटी पौंडांपर्यंत गेला होता. संगणक प्रणालीवरील उधळपट्टीही त्यात होती. २०१० पासून सुमारे १ अब्ज पौंड हिरावले गेले, असे महापालिकेचे म्हणणे होते. सरकारने आयुक्त धाडले आणि २०२४ साली नागरिकांवरील कर जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढला. आता १९२५ आणि २०२३ ही दोन वर्षे शेजारी ठेवा. एका वर्षी स्त्रियांना समान वेतन दिले म्हणून नगरपरिषद दोषी. दुसऱ्या वर्षी ते दिले नाही म्हणून महापालिका कंगाल. स्त्रीची मजुरी कापून केलेली बचत ही बचत नव्हे. ते कर्ज आहे, आणि पुढच्या पिढीला ते व्याजासह फेडावे लागते.

दुसरा आक्षेप आपल्याच अंतःकरणातून उठतो, आणि तो अधिक गंभीर आहे. स्थानिक सत्तेचा एवढा कैवार आपण का घ्यावा? आपणांस गावाच्या सत्तेने काय दिले? ज्या खेड्याचे गोडवे इतरांनी गाइले, त्या खेड्यातील संकुचितपणावर बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत कठोर प्रहार केला होता. महाडची आठवण तर प्रत्येक घरात आहे. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. आणि १९२७ च्या मार्चमध्ये आपण पाणी प्यालो, तेव्हा त्याच नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला! १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत दहा वर्षे गेली.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी म्हणतो की पॉप्लरचा गौरव ते स्थानिक होते म्हणून करू नका. ते समतेसाठी उभे राहिले म्हणून करा. महाडच्या नगरपालिकेने वरच्या सत्तेचा ठराव झुगारला तो दुबळ्याचे पाणी तोडण्यासाठी. पॉप्लरने वरच्या सत्तेचा हुकूम झुगारला तो दुबळ्याची भाकर राखण्यासाठी. कृती वरवर सारखी दिसते, कसोटी मात्र वेगळी आहे. नगरपालिका बंड करते तेव्हा विचारा: बोजा कोणाच्या खांद्यावरून उतरतो आणि कोणाच्या खांद्यावर चढतो? लिव्हरपूलच्या नेत्यांनी १९८५ साली डावपेच म्हणून आपल्याच सुमारे ३१,००० कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याच्या नोटिसा दिल्या आणि त्या टॅक्सीने वाटल्या, तेव्हा ज्यांच्यासाठी लढा त्यांच्याच काळजात धडकी भरली. तो लढा तेथेच खचला. आपला माणूस डावातील सोंगटी नव्हे, हे ज्याला उमगत नाही त्याने बंडाचे नाव काढू नये.

महाराष्ट्रात हे सारे लागू कसे पडते? ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय आले. त्यांत पाणी आहे, आरोग्य आहे, स्वच्छता आहे, झोपडपट्टी सुधारणा आहे. परंतु कर कोणते बसवू द्यायचे ते अनुच्छेद २४३-एक्स प्रमाणे राज्य विधिमंडळ ठरविणार. कर्तव्याची यादी घटनेत, आणि पैशाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला! १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि मुंबई महापालिकेचा जकातीचा स्वतःचा स्रोत आटला; त्याच्या जागी राज्याकडून येणारी भरपाई आली. अनुच्छेद २४३-यू सांगतो की, मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झाली पाहिजे; तरीही मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे लोकनियुक्त सभागृहाऐवजी प्रशासकाचा अंमल राहिला. जेथे सभागृहच नाही तेथे पॉप्लर उभे राहील कोठून? जाब विचारणारा जिन्यावरच अडविला तर काटकसरीचे फर्मान विनाविरोध मंजूर होते.

आणि कुऱ्हाड पडते कोणावर? महापालिका खर्च कमी करते म्हणजे बहुधा कायम कामगाराच्या जागी कंत्राटी कामगार आणते. कचरा तोच, झाडू तोच, दुर्गंधी तीच. फक्त रजा नाही, भविष्यनिर्वाह निधीची शाश्वती नाही, उद्याची खात्री नाही. आणि तो झाडू पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या हाती दिला गेला, हे या वाचकवर्गाला मी सांगावयास नको. मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला, तो वर्षानुवर्षांच्या झुंजीनंतर. म्हणून काटकसर हा शब्द कानी पडताच आपण सावध झाले पाहिजे. तो शब्द जात विचारीत नाही, पण घर बरोबर ओळखतो.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, आपल्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक मिळवा आणि ते वस्तीत मोठ्याने वाचा. न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करा. गेल्या वर्षी दवाखान्यास किती होते, यंदा किती आहे. तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, एवढे चार आकडे वहीत उतरवून ठेवा. शाळेत जाणाऱ्या मुलीला ही बेरीज-वजाबाकी सहज जमते. ती तिच्याकडूनच करवून घ्या. दुसरी गोष्ट, मते मागावयास येणाऱ्याला पुतळ्याचे आणि कमानीचे आश्वासन मागू नका. पाण्याचे, शिक्षकाचे, कायम नोकरीचे लेखी वचन मागा. तिसरी गोष्ट, राज्य वित्त आयोग दर पाच वर्षांनी नेमला जावा असे घटनेत आहे. त्याच्या शिफारशींचे काय झाले, हे आपल्या आमदाराला सभेत उभे राहून विचारा. आणि शेजारच्या वस्तीला सोबत घ्या. पॉप्लर एकटे होते तोवर सरकार स्वस्थ होते; स्टेपनी आणि बेथनल ग्रीन उठले तेव्हाच कुलूप उघडले.

अंथरूण पाहून पाय पसरा, असे आपल्याला पुन्हा सांगितले जाईल. त्या वेळी नम्रतेने पण ठामपणे उत्तर द्या: महाशय, पाय पसरण्याचे आम्ही मागाहून पाहू, आधी कात्री कोणाच्या हाती आहे ते दाखवा.